रायफल नेमबाजी : अल्प खर्चातील प्रारंभ

रायफल नेमबाजी : ठराविक अंतरावरील स्थिर लक्ष्यफलकाच्या मध्यबिंदूवर रायफलीने अचूक मारा करण्याचा एक क्रीडाप्रकार. नळीच्या आतील सर्पिल खोबणींमुळे गोळीस स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते व तिचा मार्ग स्थिर राहतो. या खोबणींवरून रायफलीस साध्या बंदुकीपासून वेगळे ओळखतात. स्पर्धात्मक रायफल नेमबाजीचे १० मी. वरील हवाई रायफल, ५० मी. वरील ५·६ मिमी. (·२२ इंची) रायफल व ३०० मी. वरील मोठ्या व्यासाची रायफल असे तीन मुख्य प्रकार आहेत. हा खेळ खर्चिक समजला जातो. ती समजूत वरच्या पातळीच्या स्पर्धांपुरती यथार्थ असली, तरी प्रारंभीच्या एकदोन वर्षांत खेळाडूची प्रगती साधनांच्या किंमतीपेक्षा सरावाच्या शिस्तीवर अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः १० मी. हवाई रायफलीच्या प्राथमिक तयारीचे विवेचन केले आहे.

संक्षिप्त इतिहास : अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांत नेमबाजीचा अंतर्भाव १८९६ च्या अथेन्स येथील पहिल्या सामन्यांपासून झाला. हवाई रायफलीस मात्र १९८४ मध्ये लॉस अँजेल्स येथे प्रथम स्थान मिळाले. भारतात लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. त्यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरविण्यात येते. महाराष्ट्रात या खेळाची परंपरा विशेष समृद्ध आहे. राष्ट्रीय छात्रसेनेतून या खेळाकडे वळलेल्या अंजली भागवत यांनी २००० मध्ये सिडनी येथे व सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये अथेन्स येथे ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. पालथ्या स्थितीच्या प्रकारात जगज्जेत्या ठरल्या. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ मध्ये कैरो येथे हवाई रायफलीचे जागतिक विजेतेपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या एका शिक्षकाच्या घरातील स्वप्नील कुसाळे यांनी शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिक्षण घेतले आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे ५० मी. तीन स्थितींच्या प्रकारात ४५१·४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. लहान गावातील खेळाडूलाही संस्थेचा आधार मिळाल्यास हा मार्ग खुला होतो, हे या उदाहरणावरून दिसून येते.

लक्ष्यफलक व जागा : १० मी. हवाई रायफलीच्या फलकावर समकेंद्री दहा वर्तुळे असतात. सर्वांत बाहेरील वर्तुळाचा व्यास ४५·५ मिमी., काळ्या भागाचा ३०·५ मिमी. व दहा गुणांच्या ठिपक्याचा केवळ ०·५ मिमी. असतो. छर्ऱ्याचा व्यास ४·५ मिमी. असल्याने त्याची कडा ठिपक्यास स्पर्शली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचे केंद्र मध्यबिंदूपासून २·५ मिमी. च्या आत पडावे लागते. स्पर्धेत ६० छर्रे सोडावयाचे असून इलेक्ट्रॉनिक फलकांवर त्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात.

५० मी. च्या मैदानास मोकळी जागा व मातीचा उंच बांध लागतो, तर १० मी. साठी सु. १५ मी. लांबीची बंदिस्त खोली पुरते. मालेगाव (जि. वाशिम) यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी मुंबईच्या वरळीसारखे किंवा पुण्याच्या बालेवाडीसारखे क्रीडासंकुल जवळ नसते. अशा गावी शाळेचे सभागृह किंवा रिकामे गोदामही प्राथमिक सरावास उपयोगी पडू शकते. मात्र लक्ष्याच्या मागे व बाजूस दार किंवा खिडकी नसावी, फलकामागे तिरपा बसविलेला पोलादी पत्रा व त्याखाली छर्रे गोळा करणारी पेटी असावी आणि नेमबाजाच्या पुढे कोणासही जाता येऊ नये. अशी जागा सुरू करण्यापूर्वी स्थानिक पोलीस व जिल्हा नेमबाजी संघटना यांचा सल्ला घेणे आवश्यक असते. सरावापुरते फलक जाड कागदावर कंपासाने आखून घेता येतात. पातळ कागद छर्ऱ्याने फाटत असल्याने गुण नीट मोजता येत नाहीत.

रायफल : हवाई रायफलीचे स्प्रिंगची, एका दाबात हवा भरण्याची व नळकांड्यात आधीच दाबून भरलेल्या हवेची असे तीन प्रकार प्रचलित आहेत. स्प्रिंगची देशी रायफल काही हजार रुपयांत मिळते, तर परदेशी बनावटीच्या स्पर्धायोग्य रायफलीची किंमत लाखांच्या घरात जाते. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच पिस्टनचा धक्का बसतो. त्यामुळे ती घट्ट न आवळता प्रत्येक वेळी सारख्याच हलक्या पकडीत धरावी लागते. दाबलेल्या हवेच्या रायफलीत हा धक्का जवळजवळ नसतो. शस्त्र नियम, २०१६ अनुसार ज्या हवाई शस्त्राच्या नळीचा व्यास ४·५ मिमी. पेक्षा किंवा ज्याची ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक असेल, त्यास परवाना लागतो. स्पर्धेच्या रायफलीतील सु. ०·५३ ग्रॅ. वजनाचा छर्रा सेकंदास सु. १७० मी. वेगाने जातो व त्याची ऊर्जा ७ ते ८ जूल इतकीच असते. ·२२ रायफलीस मात्र परवाना अनिवार्य आहे. विद्यार्थ्यांस ती हाताळण्याची संधी राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरांत मिळू शकते.

खर्चाचा क्रम : नवोदिताने प्रथम रायफल विकत घेणे इष्ट नव्हे. स्वतःच्या शरीराची ठेवण व दस्त्याची लांबी यांची ओळख होण्यापूर्वी घेतलेली रायफल बहुधा बदलावी लागते. म्हणून पहिला खर्च मार्गदर्शन व क्लबचे शुल्क यांवर, दुसरा एकाच प्रतीच्या छर्ऱ्यांवर, तिसरा सरावाच्या जाकिटावर व शेवटचा रायफलीवर करावा. आरंभी क्लबची किंवा शाळेची सामाईक रायफल पुरेशी असते. आठवड्यातून चार दिवस प्रत्येकी ४० छर्रे वापरल्यास ५०० छर्ऱ्यांचा डबा तीन आठवडे पुरतो. पाचसहा विद्यार्थ्यांनी एक रायफल वापरण्याचे ठरविल्यास रायफलीचा खर्च विभागला जातो व आळीपाळीने परस्परांचे निरीक्षणही करता येते.

तंत्र : उभ्या स्थितीत उजव्या हाताने चाप ओढणाऱ्या नेमबाजाची डावी बाजू लक्ष्याकडे असते व डावे कोपर कंबरेच्या हाडावर टेकलेले असते. रायफलीचा भार स्नायूंनी न पेलता हाडांवर सोपवावा, हे या स्थितीचे मूलतत्त्व होय. स्थिती घेतल्यावर क्षणभर डोळे मिटून पुन्हा उघडावेत. नेम लक्ष्यावरून सरकलेला आढळल्यास हातांनी रायफल न ओढता पावले हलवून शरीराची दिशा बदलावी.

मागील छिद्र, पुढील माशीचे कडे व काळा ठिपका एका रेषेत दिसणे म्हणजे नेम जुळणे. छिद्र व माशी यांत सु. ७० सेंमी. अंतर असल्यास त्यांच्या जुळणीतील ०·१ मिमी. ची चूक १० मी. वर सु. १·४ मिमी. होते. याउलट जुळणी बिनचूक असून रायफलच समांतर १ मिमी. सरकली, तर मारा तेवढाच सरकतो. त्यामुळे लक्ष्य किंचित अस्पष्ट दिसले तरी दृष्टी माशीवरच स्थिर ठेवतात. श्वास अर्धा सोडून थांबावे व चाप हळूहळू ओढावा. आठदहा सेकंदांत छर्रा न सुटल्यास रायफल खाली घेऊन पुन्हा आरंभ करणे श्रेयस्कर असते. छर्रा सुटल्यावरही एकदोन सेकंद स्थिती मोडू नये.

या सर्व क्रियांचा छर्ऱ्याविना केलेला सराव सर्वांत स्वस्त व फलदायी असतो. तो घरी कोऱ्या भिंतीसमोरही करता येतो. मात्र स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा न भरता स्प्रिंग सोडल्यास पिस्टनास इजा होते. म्हणून अशी रायफल न ताणता केवळ स्थिती व नेम यांचाच सराव करावा. छर्रे वापरताना प्रथम गुणांकडे न पाहता पाच छर्ऱ्यांचा पुंजका किती लहान पडतो ते पाहावे. पुंजका लहान पण मध्यापासून दूर असेल, तर माशी-छिद्राची जुळवणी बदलणे पुरते. पुंजका विखुरलेला असेल, तर दोष बहुधा स्थितीत किंवा चाप ओढण्यात असतो व महागडी रायफल घेऊनही तो जात नाही. प्रत्येक दिवसाची नोंद वहीत ठेवल्यास हा फरक लवकर लक्षात येतो.

सुरक्षितता : प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असे समजून तिची नळी सदैव लक्ष्याच्या दिशेस ठेवणे, नेम जुळेपर्यंत बोट चापावर न ठेवणे आणि सर्वांच्या रायफली रिकाम्या झाल्याची खात्री होईपर्यंत पुढे न जाणे, हे नियम अपवादाविना पाळावे लागतात. सरावानंतर रायफल कुलुपात ठेवावी. मुलांच्या हाती ती जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीशिवाय देऊ नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. छर्रे शिशाचे असल्याने सरावाच्या वेळी खाणेपिणे टाळावे व नंतर हात साबणाने धुवावेत. कमी खर्चात काटकसर कोठेही करता येते. सुरक्षिततेत ती करता येत नाही.

पुढील वाटचाल : सरावात पुंजका स्थिर होऊ लागल्यावर क्लब व जिल्हा, नंतर राज्य आणि पुढे मावळणकर व राष्ट्रीय स्पर्धा अशा क्रमाने खेळाडू वर जातो. स्वतःच्या रायफलीचा विचार या टप्प्यावर करावा. तोवर खेळाडूस वजन, दस्त्याची लांबी व चापाचा ताण यांविषयीच्या आपल्या गरजा अनुभवाने ठाऊक झालेल्या असतात आणि मर्यादित पैसा योग्य जागी खर्च होतो.