घड्याळ किती खोल, आपण किती खोल?

रोलेक्सचं टायटॅनियमचं ‘डीपसी चॅलेंज’ २०२२ मध्ये आलं. क्षमता ११,००० मीटर! पण एवढ्या खोल जाणार कोण? १९६० मध्ये ‘ट्रिएस्ट’ ही पाणबुडी मरियाना गर्तेच्या तळाशी गेली, तेव्हा रोलेक्सचं खास घड्याळ बाहेर बांधलेलं होतं. माणसं मात्र आत, जाड पोलादी गोलात बसली होती. दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. हौशी पाणबुड्याची मर्यादा साधारण ४० मीटर.

मग टायटॅनियम कशाला? ते पोलादापेक्षा बरंच हलकं, खाऱ्या पाण्यात गंजत नाही, म्हणून. तरी ५० मिलिमीटरचं हे घड्याळ आधी मनगटावर चढवून बघा. आणि स्वतःला विचारा: हे पाण्यासाठी घेतोय की लोकांना दाखवायला? दोन्ही उत्तरं चालतील. फक्त खरं उत्तर द्या.