बारा पेरं, बाराखडी आणि एक हातमोजा

ओटावात जानेवारीत पारा उणे २० च्या खाली गेला, की बसथांब्यावर एक कसरत चालते. हातमोजा काढायचा, फोनवर दोन शब्द लिहायचे आणि बोटं बधिर व्हायच्या आत मोजा परत चढवायचा. मोज्यानंच टाइप करता आलं तर?

कल्पना जुनी आहे. १९७७ साली शिकागोत डॅन सँडिन आणि टॉम डीफँटी यांनी ‘सेयर ग्लव्ह’ बनवला. त्याच्या बोटांवर लवचीक नळ्या होत्या. नळीच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा सेल. बोट वाकलं की प्रकाश कमी पोचायचा. १९८३ मध्ये बेल लॅब्जच्या गॅरी ग्राइम्स यांना अक्षरं लिहिणाऱ्या मोज्याचं पेटंट मिळालं.

आज सेन्सर स्वस्त आहेत. अवघड प्रश्न वेगळाच आहे: कोणती खूण म्हणजे कोणतं अक्षर? स्टॅनफर्डच्या व्हॉन प्रॅट यांनी १९९८ मध्ये ‘थंबकोड’ सुचवला. अंगठ्यानं चार बोटांच्या बारा पेरांपैकी एकाला स्पर्श करायचा; शेजारची बोटं जुळलेली की सुटी, याच्या आठ तऱ्हा. एकूण ९६ खुणा. पेरांवर जप मोजणाऱ्या आजीला हे लगेच जमेल!

पण इंग्रजी अक्षरांना क्रमामागे तर्क नाही, म्हणून तक्ता पाठ करावा लागतो. आपली वर्णमाला मात्र आधीच मांडून ठेवलेली आहे. आता हात मांडीवर ठेवा. डाव्या हाताचं बोट वर्ग ठरवेल, उजव्याचं त्यातला क्रम. दोन्हीकडे अंगठ्यापासून मोजा. दोन्ही करंगळ्या एकदम टेकवा: ‘म’. डावं मधलं बोट आणि उजवी तर्जनी: ‘ठ’. पाच गुणिले पाच, पंचवीस व्यंजनं झाली. ‘य’, ‘र’, ‘ल’ वगैरेंसाठी एकाच हाताची दोन बोटं.

आणि स्वर? बाराखडीत रूपं बारा, पेरंही बारा. ‘ठ’नंतर अंगठा चौथ्या पेराला लावा: ‘ठी’. पहिलं पेर मोकळं उरतं, ते जोडाक्षरासाठी.

अडचणी आहेतच. तुम्ही कॉफीचा कप उचललात की लिहिताय, हे मोज्याला कसं कळावं? ‘लिहायला सुरुवात’ अशी वेगळी खूण लागेल. शिवाय थंडीच्या जाड मोज्यात स्पर्श नीट कळत नाही.

तरी खटाटोप कशाला? परदेशात आपण बरेचजण मराठी लिहितो ती रोमन अक्षरांतून वळसा घालून. मुलंही तेच बघतात. त्यांना बाराखडी पेरांवर शिकवून पाहा; त्यासाठी मोजा तयार होण्याची वाट बघायला नको.