जिल्ह्याचे नाव बदलले, यादीत मात्र जुनेच! डेटाबेसमधील ‘नॉर्मलायझेशन’ म्हणजे काय? जाणून घ्या

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव हे बदल २०२३ मध्ये अधिकृत झाले. तरीही एखादा ऑनलाइन अर्ज भरताना जिल्ह्याचे जुने नाव आणि पावतीवर नवे, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. खापर आपण ‘सर्व्हर’वर फोडतो. पण गडबड अनेकदा त्याच्या कितीतरी आधी, माहितीचे तक्ते आखतानाच झालेली असते.

नेमकी अडचण काय?

समजा, एका परीक्षेची सगळी माहिती एकाच मोठ्या तक्त्यात आहे. बैठक क्रमांक, परीक्षार्थीचे नाव, विषयाचा कोड, विषयाचे नाव, केंद्र क्रमांक, केंद्राचा जिल्हा आणि गुण. एक्सेलमध्ये आपण सगळे असेच करतो. विद्यार्थी सहा विषयांना बसला की जिल्ह्याचे नावही सहा वेळा लिहिले जाते. नाव बदलले की हजारो ओळी बदला. त्यातल्या काही सुटल्या, काहींत ‘छ. संभाजीनगर’, तर काहींत ‘संभाजी नगर’ टाइप झाले, की संगणकाच्या लेखी एका जिल्ह्याचे तीन-चार जिल्हे होतात. मग जिल्हानिहाय निकालाचे आकडे चुकणारच.

शिवाय नवे केंद्र मंजूर झाले, पण तिथे अजून एकही परीक्षार्थी नसेल, तर नोंद करायची कुठे? उलट, एखाद्या केंद्रावरच्या शेवटच्या परीक्षार्थीचा अर्ज रद्द करून ओळी पुसल्या, की केंद्राची माहितीही त्यांच्यासोबत जाते.

उपाय कोणाचा?

आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे प्रयोगशाळेत काम करणारे ब्रिटिश वंशाचे संशोधक एडगर एफ. कॉड यांनी १९७० मध्ये ‘रिलेशनल मॉडेल’ मांडले. नॉर्मलायझेशनची कल्पना त्याच शोधनिबंधात आहे. पुढची दुसरी आणि तिसरी पायरीही त्यांनीच आखली. १९८१ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पहिली पायरी सोपी आहे. एका चौकटीत एकच गोष्ट. ‘गणित, मराठी, भूगोल’ असे स्वल्पविराम देऊन कोंबायचे नाही, प्रत्येक विषयाची ओळ वेगळी. आता प्रत्येक ओळीची ओळख बैठक क्रमांक आणि विषय कोड या जोडीने होते. दुसरी पायरी विचारते, ही माहिती पूर्ण जोडीवर अवलंबून आहे का? गुण आहेत. पण विषयाचे नाव फक्त कोडवर आणि परीक्षार्थीचे नाव फक्त बैठक क्रमांकावर ठरते, म्हणून त्यांचे तक्ते वेगळे काढायचे.

खरी मेख तिसऱ्या पायरीत आहे. परीक्षार्थीच्या तक्त्यात केंद्राचा जिल्हा दिसतो, पण तो परीक्षार्थीचा नाहीच, केंद्राचा आहे. म्हणून केंद्रांचा तक्ता वेगळा, त्यात जिल्ह्याचा फक्त क्रमांक, आणि जिल्ह्याचे नाव जिल्ह्यांच्या तक्त्यात एकदाच. नामांतर झाले की एकच ओळ बदलायची. यापुढे बॉइस-कॉड, चौथी, पाचवी अशा पायऱ्याही आहेत, पण बहुतेक व्यवहारी कामे तिसरीपर्यंत भागतात.

हा क्रमांक मात्र अर्थहीन असलेलाच बरा. मुंबईच्या सीएसटी स्थानकाच्या नावात २०१७ मध्ये ‘महाराज’ जोडले गेले आणि रेल्वेचा ‘सीएसटीएम’ हा कोडही ‘सीएसएमटी’ झाला. नावावरून बनवलेली ओळख नावाबरोबर बदलते.

मग सगळीकडे हेच का करत नाहीत?

तक्ते जितके जास्त, तितकी उत्तर देताना त्यांची जोडणी, म्हणजे ‘जॉइन’, जास्त. लाखो लोक एकाच वेळी निकाल पाहतात तेव्हा काही माहिती मुद्दाम पुन्हा लिहून ठेवली जाते. याला ‘डीनॉर्मलायझेशन’ म्हणतात. तक्ते नीट आखल्यावर असे करणे वेगळे आणि मुळात आखलेच नाहीत हे वेगळे.

काही ठिकाणी पुनरावृत्ती वाटते ती पुनरावृत्ती नसतेच. दुकानाच्या बिलात वस्तूचा त्या दिवशीचा भाव लिहून ठेवावाच लागतो. तो वस्तूंच्या तक्त्यातून दर वेळी उचलला, तर आज भाव वाढल्यावर गेल्या वर्षीची बिलेही वाढतील!

आणि हे सगळे एका डेटाबेसपुरते. आधारमध्ये पत्ता बदलला म्हणून बँकेतला आपोआप बदलत नाही, कारण ती दोन वेगळी दप्तरे आहेत. तिथे अर्ज पुन्हा द्यावाच लागतो.