गळतं ते जोडावर! पाणी राखणाऱ्या अस्तराच्या चौदा चटपटीत गोष्टी

करडीच्या शिवारात पाणी अडवणं नवं नाही. मोहाडी तालुक्यातलं हे गाव ज्या भंडारा जिल्ह्यात आहे, तो महाराष्ट्राला तलावांचा जिल्हा म्हणूनच ठाऊक. इथे आधी तलाव होते, बोड्या म्हणजे छोटी तळी होती. मग प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आली. शहरांत तर तयार पॅनेलचे पोहण्याचे तलाव उभे राहू लागले: पोलादी भिंती बोल्टने जोडायच्या, आतून पीव्हीसीचं अस्तर लावायचं, की पाणी भरायला तलाव तयार. मातीची पाळ असो की प्लॅस्टिकचा कागद, गळतीचा पहिला संशय जोडावरच घ्यायचा. त्या जोडाच्याच या चौदा गोष्टी.

१. चिखलणी हेही वॉटरप्रूफिंगच

धानाच्या बांधीत रोवणीआधी चिखल करतात, तो फक्त परे रोवायला माती मऊ व्हावी म्हणून नाही. चिखलणीत मातीची ढेकळं फुटतात, बारीक कण मोकळ्या जागांत बसतात आणि पाणी खाली झिरपायच्या वाटा बुजतात. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने वरच्या वीतभर मातीखाली एक घट्ट थर तयार होतो. कागद नाही, सिमेंट नाही, तरी बांधीत पाणी उभं राहतं. तेही गळतं कुठून? बहुतेक वेळा धुऱ्यातून, म्हणजे बांधीच्या कडेच्या पाळीतून, जिथे खेकड्याने बीळ केलेलं असतं किंवा नवी माती जुन्या मातीला नीट चिकटलेली नसते.

२. पाळीचाही जोड असतो

पूर्व विदर्भातले मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने तलाव बांधण्याच्या कामात मोठं नाव कमावलं. नवेगाव बांध हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. आज तो गोंदिया जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत तो भंडाऱ्याचाच होता. मातीच्या बंधाऱ्यात दोन जागा नाजूक असतात. एक, जिथे पाळ मूळ जमिनीवर बसते. म्हणून आधी चर खोदून त्यात चिकणमाती ठासतात. दुसरी, जिथे पाणी सोडायचं तुडूम पाळीतून आरपार जातं. दगड आणि माती जिथे भेटतात, तिथे पाणी फट शोधतं. गाळ उपसतानाही भान हवं. तळाची चिकणमाती खरवडून काढली, तर तलाव खोल होतो खरा, पण झिरपूही लागतो.

३. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं अस्तर

मोहेंजोदडोचं महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. तिथल्या कारागिरांनी विटा अगदी जवळ-जवळ बसवल्या, सांधे जिप्समच्या लेपाने भरले आणि विटांच्या भिंतीमागे नैसर्गिक डांबराचा थर दिला. आजचा गवंडी टाकीला जे करतो, तोच विचार: आधी सांधा, मग अस्तर.

४. शेततळं म्हणजे जवळपास ऑलिंपिकचा तलाव

राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली. तोंड ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना एकास एक उतार असलेल्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. ऑलिंपिकचा ५० बाय २५ मीटरचा तलाव २ मीटर खोल धरला, तर त्यात २५ लाख लिटर. म्हणजे नाशिकचा द्राक्षवाला आणि सांगोल्याचा डाळिंबवाला ज्या कागदावर भरवसा ठेवतो, त्याच्यावरचा भार ऑलिंपिकच्या तोडीचा असतो. ३ मीटर पाण्याखाली तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर तीन टन वजन बसतं, आणि कागद असतो ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर!

५. दीडशे मीटरची शिवण

याच शेततळ्याचा तळ आणि चारी उतार मिळून हजार चौरस मीटरहून जास्त कागद लागतो, काठावरच्या चरात दाबायचा वेगळा. सहा मीटर रुंदीचे पट्टे घेतले, तर पाच जोड येतात, आणि प्रत्येक जोड तीस मीटरच्या वर. एकूण लांबी सहज दीडशे मीटर पार करते. म्हणून मोठे पट्टे कारखान्यातच जोडून घेणं शहाणपणाचं. शेतात जेवढे जोड कमी, तेवढी धूळ, वारा आणि घाईची भीती कमी. उतारावरचा जोड वरून खाली जाणारा हवा, आडवा नको. आडव्या जोडाला कागदाचं सारं वजन ओढत राहतं.

६. टाचणीएवढं भोक, अडीचशे लिटर पाणी

दोन मीटर पाण्याखाली एक मिलिमीटर व्यासाचं भोक पडलं आणि खाली पाण्याला मोकळी वाट मिळाली, तर चोवीस तासांत सुमारे अडीचशे लिटर पाणी निघून जाऊ शकतं. कागदाखाली घट्ट चिकणमाती असेल, तर तेच भोक फार थोडं पाणी सोडतं. भंडाऱ्याच्या चिकण जमिनीचा हा मोठा आधार. कागद आणि माती एकमेकांना चिकटून बसले की दोघं मिळून पाणी अडवतात. मुरमाड किंवा खडकाळ जागी हा आधार नसतो, तिथे जोडाची काळजी दुप्पट घ्यावी लागते.

७. गळती की ऊन? बादली सांगेल

पातळी उतरली की आधी कागदाला दोष देऊ नका. विदर्भाच्या मे महिन्यात ऊनच दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी पिऊन जातं. बादली पाण्याने भरून तलावाच्या पायरीवर अशी ठेवा की ती अर्धीअधिक पाण्यात राहील. बादलीच्या आत आणि बाहेर पातळीची खूण करा. चोवीस तासांनी दोन्ही खुणा पाहा. दोन्हीकडे सारखीच घट असेल, तर ते बाष्पीभवन. तलावाची घट जास्त असेल, तर गळती नक्की. हिशेबही सोपा: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर उतरलं की एक लिटर गेलं. १० बाय ५ मीटरच्या तलावात पाच मिलिमीटरचा फरक म्हणजे २५० लिटर.

८. तुकडा तरंगतो की बुडतो?

दुरुस्तीआधी अस्तर कशाचं आहे ते कळायलाच हवं. नखाएवढा तुकडा कापा, पाण्याखाली चोळून त्यावरचे बुडबुडे काढा आणि सोडा. वर आला, तर पॉलिथिलिन, म्हणजे एचडीपीईच्या कुळातला. बुडाला, तर बहुधा पीव्हीसी. फरक मोठा आहे. पीव्हीसीला योग्य गोंद धरतो, काही गोंद तर पाण्याखालीही काम करतात, त्यामुळे पोहण्याचा तलाव रिकामा न करता ठिगळ लावता येतं. पॉलिथिलिनला मात्र गोंद धरतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याला उष्णताच हवी. शेततळ्याच्या कागदावर डब्यातलं सोल्युशन ओतून पैसे वाया घालवू नका.

९. फसलेल्या प्रयोगातून आलेला कागद

१९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांना हवं होतं वेगळंच काही, पण भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ राहिला. ते पॉलिथिलिन. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांवर चढलं, कारण त्यातून वीज जात नाही. आज गळती शोधायला हाच गुण कामी येतो. पाण्यात एक टोक, बाहेरच्या ओल्या मातीत दुसरं, आणि मध्ये सौम्य विद्युतदाब. अखंड कागद वीज अडवतो, भोक असेल तिथून ती वाट काढते आणि यंत्र जागा दाखवतं.

१०. मऊपणा उडून जातो

पीव्हीसी मुळात कडक. पाण्याच्या पाइपात दिसतं तसं. अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी १९२६ साली त्यात मऊ करणारी द्रव्यं मिसळली आणि ते घडी घालण्याजोगं झालं. पोहण्याच्या तलावाचं अस्तर हे त्याचंच रूप. ऊन, उष्णता आणि अति क्लोरीन यांनी ही द्रव्यं हळूहळू निघून जातात. मग अस्तर आकसतं, ताठर होतं आणि पाण्याच्या रेषेवर, कोपऱ्यांत, पायरीच्या जोडावर तडकतं. म्हणून क्लोरीनची पूड थेट अस्तरावर कधीच पडू देऊ नये. बादलीत विरघळवून मगच ओतावी.

११. जोड मारताना पाहावा

कागदाच्या दोन कडा दहा-पंधरा सेंटीमीटर एकमेकींवर चढवलेल्या असतात. कारागीर आधी फडक्याने धूळ पुसतो, मग गरम हवेच्या गनचं चपटं तोंड दोन थरांच्या मध्ये सरकवतो. एका हातात गन, दुसऱ्या हातात रबरी रूळ. कडेवर किंचित चकाकी आली, की लगेच रूळ फिरला पाहिजे. एक क्षण लवकर, तर जोड नुसता चिकटल्यासारखा दिसतो. एक क्षण उशीर, तर कागद जळून पातळ होतो. थंड झाल्यावर तो स्क्रू-ड्रायव्हरचं बोथट टोक कडेने दाबत नेतो. जिथे टोक आत शिरलं, तिथे पुन्हा गन. तीन थर एकत्र येतात त्या टी-जोडावर तो सर्वांत जास्त वेळ थांबतो, कारण तिथे थरांच्या पायरीखाली पोकळी राहते.

मोठ्या कामावर चालतं यंत्र दोन समांतर रेघा वितळवतं आणि मध्ये अरुंद पोकळी सोडतं. पोकळीची दोन्ही तोंडं बंद करून हवा भरायची आणि काही मिनिटं दाबमापकाचा काटा पाहायचा. काटा स्थिर, तर जोड पक्का. ठेकेदाराकडून ही चाचणी पाणी भरण्याआधी, आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

१२. कागद दिवसातून वीतभर वाढतो

पॉलिथिलिन एका अंशाला मीटरमागे साधारण ०.१५ मिलिमीटर वाढतं. उन्हाळ्यात पहाटे तीस अंशांवर असलेला काळा कागद दुपारी पासष्टपर्यंत तापला, तर ३४ मीटरच्या पट्ट्यात सुमारे १८ सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, जवळपास एक वीत! दुपारी ताणून जोडलेला कागद रात्री आकसतो आणि सारा ताण जोडावर येतो. म्हणून थोडी ढील ठेवूनच अंथरावा. पहाटे दव असतं, आणि ओल्या कागदावरचा जोड टिकत नाही. दव वाळल्यापासून ऊन चढेपर्यंतचा वेळ कामाला उत्तम.

१३. गवत कागद फोडतं, पावसाचं पाणी तलाव उचलतं

लव्हाळ्याचा कोंब इतका टोकदार असतो की तो प्लॅस्टिकचा कागद आरपार भेदतो. कागद टाकण्याआधी त्याच्या गाठी खणून काढाव्याच लागतात. खाली कुजणारी मुळं, पालापाचोळा राहिला, तर वायू साठून कागद पाण्यात फुग्यासारखा वर येतो आणि जोड ताणले जातात. दुसरा धोका खालच्या पाण्याचा. पावसाळ्यात धानपट्ट्यातली भूजलपातळी जमिनीजवळ येते. अशा वेळी तलाव रिकामा केला, तर खालचं पाणी अस्तर उचलतं, कधी अख्खा तलावच वर ढकलतं. भर पावसाळ्यात दुरुस्तीसाठी तलाव उपसू नये.

१४. ठिगळाला कोपरे नसावेत

चौकोनी ठिगळ कोपऱ्यातून उचकटतं, गोल ठिगळ टिकतं. भोकाच्या चारी बाजूंनी दहा-पंधरा सेंटीमीटर पुढे जाईल एवढं ते घ्यावं. भोक नेमकं कुठे, हे शोधायला पाणी शांत असताना संशयित जोडाजवळ खाण्याच्या रंगाचे थेंब सोडावेत. गळती असेल तर रंगाची रेघ तिकडे ओढली जाते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ओला कागद कमालीचा निसरडा असतो. शेततळ्यात पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतार चढता येत नाही. भोवती कुंपण, आत गाठी मारलेले दोर आणि तरंगतं टायर हवंच. दुरुस्तीला एकट्याने कधीही उतरू नये.

वर्षातून एकदा सगळे जोड उघडे दिसतात: मे महिन्यात, तळं आटलं की. त्या आठवड्यातली एक सकाळ काढा. काठाने फिरा, प्रत्येक जोड बोटाने दाबा, टी-जोडांवर खडूने खुणा करा आणि गनवाल्याला पाऊस लागण्याआधीच बोलवा. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकसाठी रग्बीच्या स्टेडियममध्ये तयार पॅनेलचा तलाव उभारून जगातल्या सर्वोत्तम जलतरणपटूंची शर्यत झाली, तीही अशाच जोडांच्या भरवशावर. करडीच्या शेतकऱ्याला तर त्याच भरवशावर हंगाम काढायचा असतो. पाऊस दांडी मारतो तेव्हा धानाला लागणारं एक पाणी त्या तळ्यात असायला हवं, आणि ते आहे की नाही, हे मे महिन्यातल्या त्या एका सकाळीच ठरतं.