दीडशेची सुरी की नऊशेची? दगडाचा हिशोब आधी करा



या आठवड्याचा व्हिडिओ सुरीवर आहे. व्हिडिओत आकडे जरा भरभर गेले, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण हा विषय दिसायला छोटा असला तरी खरेदीचं अख्खं गणित यात येतं.

आमच्या काउंटरवर नवीन धंदेवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "भैया, या कंपनीची सुरी आपण दीडशेला नेतो. आता त्यांचंच नवं मॉडेल नऊशेला आलंय. घ्यावं का?" विचारणारा कधी लातूरला क्लासच्या पोरांसाठी मेस टाकणारा असतो, कधी नांदेडला ज्यूस सेंटर काढणारा, कधी निलंगा राईसचा गाडा लावणारा.

आता बघा, तुम्ही मुद्रा योजनेच्या शिशु गटातून कर्ज काढलं तर मर्यादा ५०,००० रुपयांची. त्यात गाडा, शेगडी, भांडी, जागेचं डिपॉझिट, पहिला किराणा. चार सुऱ्या घ्यायच्या तर स्वस्त आणि महाग यातला फरक होतो ३,००० रुपये. सुरुवातीच्या दिवसांत ३,००० रुपये म्हणजे छोट्या गाड्याचा काही दिवसांचा कच्चा माल. त्यामुळे "चांगली वस्तू घ्या, एकदाच घ्या" असं सरसकट मी सांगणार नाही. आणि "स्वस्तच घ्या" असंही सांगणार नाही.

जास्तीचे पैसे नेमके कशाला?

कुठलीही कंपनी सुरीचा भाव तीन गोष्टींवर वाढवते: पोलाद, मूठ आणि देखणेपणा. यातली धार टिकवणारी गोष्ट फक्त पहिली. दुसरी हाताला आराम देते. तिसरी फोटोत छान दिसते.

उदाहरण म्हणून सगळ्यांना माहीत असलेली कंपनी घेऊ, व्हिक्टोरिनॉक्स. स्वित्झर्लंडमध्ये इबाख गावी कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये ही सुरू केली. व्हिक्टोरिया हे त्यांच्या आईचं नाव आणि 'इनॉक्स' म्हणजे न गंजणारं पोलाद. दोन्ही जोडून हे नाव झालं. आपल्याकडे तिची छोटी दातेरी टोमॅटो सुरी बऱ्याच घरांत असते. आपल्याला ती महाग वाटते, पण हॉटेलच्या किचनमध्ये हीच कंपनी 'कमी पैशात भरवशाची' म्हणून ओळखली जाते.

तिची प्लॅस्टिक मुठीची साधी शेफ सुरी बघा, लाकडी मुठीची बघा आणि घडीव, जड, त्याहून महाग असलेली बघा. भाव चढत जातो. पण तिन्हींचं पोलाद एकाच प्रकारचं: एक्स ५० सीआरएमओव्ही १५, म्हणजे १.४११६. कडकपणाही साधारण सारखाच, रॉकवेल मापात ५५-५६ च्या आसपास. म्हणजे महाग मॉडेलमध्ये वजन बदललं, तोल बदलला, मूठ बदलली. धार टिकण्यात मोठा फरक पडण्याचं कारण नाही. कंपनी इथे काही लपवत नाही, फसवत नाही. आपण काय विकत घेतोय हे आपल्याला कळलं पाहिजे, एवढंच.

नांदेडला सचखंड गुरुद्वाराच्या परिसरातल्या दुकानांत कृपाण आणि तलवारी मांडलेल्या तुम्ही बघितल्या असतील. तिथे मूठ, म्यान, नक्षी यावर भाव चढतो आणि ते बरोबरच आहे. ती श्रद्धेची, मानाची वस्तू आहे. लातूरचे अडकित्ते नावाजलेले. त्यातही पितळेच्या कामाला, घडणावळीला किंमत असते. पण तुमची सुरी कांदा कापणार आहे. तिथे नक्षीचे पैसे वसूल होत नाहीत.

पात्यावरचं नाव वाचायला शिका

पात्यावर किंवा खोक्यावर बारीक अक्षरात पोलादाचा प्रकार लिहिलेला असतो. तीन गट लक्षात ठेवा.

पहिला गट: ३ सीआर १३ किंवा ४२० जे २. यात कार्बन साधारण ०.३ टक्के. पोलाद मऊ, गंजायला नाखूश, धार लवकर बसते आणि लवकर जाते. स्वस्त सुऱ्यांत बहुतेक हेच असतं.

दुसरा गट: वर सांगितलेलं १.४११६ किंवा त्याच्या जवळचं चिनी ५ सीआर १५ एमओव्ही. नावातला ५ किंवा ५० म्हणजे कार्बन साधारण ०.५ टक्के आणि १५ म्हणजे क्रोमियम साधारण १५ टक्के. रोजच्या व्यावसायिक कामाला हा मधला, समजूतदार पर्याय.

तिसरा गट: व्हीजी १० आणि त्याच्यासारखं. कार्बन साधारण १ टक्का, कडकपणा ६० च्या आसपास. धार खूप टिकते, पण पातं ठिसूळ. हाडावर, गोठलेल्या मालावर मारलं की धारेचा टवका उडतो. चिकन-मटणाच्या कामाला ही सुरी नकोच. तिथे सत्तूरच पाहिजे.

फक्त पोलादाच्या नावावर सगळं ठरत नाही. पोलादाला पाणी कसं दिलंय यावरही खूप असतं. आपला लोहार गाडीच्या कमानीच्या पाट्यापासून कोयता घडवतो आणि तो उसाच्या फडात सीझनभर चालतो, तो पाणी नीट दिलेलं असतं म्हणूनच. पण नवं मॉडेल घेताना निदान एवढं विचारा: जुन्या आणि नव्या मॉडेलचा गट एकच आहे का? एकच असेल तर तुम्ही मुठीचे पैसे देताय. खोक्यावर पोलादाचा उल्लेखच नसेल आणि फक्त 'प्रीमियम', 'प्रोफेशनल' असे शब्द असतील, तर भाव वाढण्याचं कारण कंपनीने सांगितलेलंच नाही असं समजा.

आणखी एक. पात्यावर लाटा-लाटांची दमास्कस नक्षी दिसली की लोक भुलतात. खऱ्या दमास्कस पात्यात पोलादाचे थर असतात. स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच सुऱ्यांवर ती नक्षी लेझरने छापलेली असते आणि घासून घासून पुसट होते.

आता हिशोब

आकडे समजण्यासाठी धरलेत. तुम्ही तुमचे घाला.

समजा मेसमध्ये रोज दोन तास चिराचिरी आहे. मदतनिसाला ८ तासांचे ४०० रुपये, म्हणजे तासाला ५० रुपये. बोथट सुरीऐवजी धारदार सुरी आली आणि रोजची १५ मिनिटं वाचली. १५ मिनिटं म्हणजे १२.५० रुपये. दोन सुऱ्यांतला फरक ७५० रुपये. ७५० भागिले १२.५० म्हणजे ६० दिवस. दोन महिन्यांत नऊशेची सुरी वसूल! सेल्समन तुम्हाला इथपर्यंतच गणित सांगेल.

पण थांबा. इथे तुलना कशाची झाली? नव्या महाग सुरीची, जुन्या बोथट सुरीशी. ही तुलनाच चुकीची. दीडशेची सुरी धार लावून वापरली तर ती १५ मिनिटं तिच्यानेही जवळपास वाचतात. खरी तुलना धार लावलेल्या दोन सुऱ्यांची.

मग फरक कुठे राहतो? धार किती वेळा लावावी लागते, तिथे. समजा स्वस्त सुरीला महिन्यात १३ वेळा दगड दाखवावा लागतो आणि महाग सुरीला ४ वेळा. एका वेळेला ५ मिनिटं. म्हणजे ६५ मिनिटं विरुद्ध २० मिनिटं. महिन्याला ४५ मिनिटं वाचली, म्हणजे ३७.५० रुपये. आता ७५० भागिले ३७.५०: वीस महिने!

एकाच सुरीचं उत्तर दोन महिनेही येतं आणि वीस महिनेही येतं. कशाशी तुलना करताय, यावर ते अवलंबून आहे. हा एक मुद्दा आज घेऊन गेलात तरी व्हिडिओ वसूल. मिक्सर, वजनकाटा, फ्रीज, मोबाइल, काहीही घेताना हेच तपासा: नवीन वस्तूची तुलना जुन्या बिघडलेल्या वस्तूशी चाललीय की जुन्या नीट ठेवलेल्या वस्तूशी?

म्हणून क्रम असा ठेवा: आधी दगड, मग सुरी. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दाण्याचा दगड घ्या. पातं दगडावर साधारण १५ ते २० अंशात धरा, दोन्ही बाजू सारख्या घासा. रस्त्यावरच्या चाकावर धार लावून घेत असाल तर लक्ष ठेवा. ठिणग्या जास्त उडून पातं तापलं, निळं पडलं, की पोलादाचं पाणी उतरलं. मग ती सुरी नऊशेची असो की नऊ हजारांची, धार धरणार नाही. आपल्या भागात शिकलगार मंडळींच्या घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. जाणता हात मिळाला तर दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका.

मग कोणी घ्यावी?

ज्याच्याकडे रोज पाच-सहा तास कापणं आहे, त्याने घ्यावी. वरचंच गणित तिप्पट कामाला लावा: महिन्याला ११२.५० रुपये वाचतात आणि फरक सात महिन्यांच्या आत निघतो. शिवाय सहा तास सुरी धरणाऱ्याला चांगली मूठ हा दिखावा राहत नाही. बोटाला घट्टे पडत असतील, ओल्या हातात मूठ सटकत असेल, तर मुठीचे पैसेही कामाचे. बोट कापून माणूस चार दिवस घरी बसला तर कुठलाच हिशोब जुळत नाही.

केटरिंगवाल्यांनी मात्र जपून. काम भरपूर असतं, पण लग्नाच्या गर्दीत सुऱ्या हरवतात. महिन्याला दोन हरवत असतील तर वीस महिने काय आणि सात महिने काय! तिथे मदतनिसांना स्वस्त सुऱ्या द्या आणि मुख्य आचाऱ्याला एक चांगली द्या, ती त्याच्या पिशवीत राहील.

गाडा नुकताच लावलाय, दिवसाला तास-दोन तास कापणं आहे? दोन स्वस्त सुऱ्या आणि एक दगड घ्या. उरलेले पैसे मालात घाला. सहा महिन्यांनी काम वाढलं की बघू.

दुकानात विकायला ठेवायची का?

हा प्रश्न भांडी, किराणा, जनरल स्टोअर टाकणाऱ्यांसाठी. पुन्हा आकडे समजुतीचे. दीडशेची सुरी ११५ ला पडते, ३५ रुपये सुटतात. ४० नग आणले, ४,६०० गुंतले, महिन्यात संपले: १,४०० रुपये सुटले. नऊशेची ७०० ला पडते, २०० सुटतात. ६ नग आणले, ४,२०० गुंतले, महिन्यात दोनच गेले: ४०० रुपये सुटले. एका नगावर नफा जास्त दिसतो, पण पैसा फिरत नाही.

म्हणून दोनच नग ठेवा. एक उघडा, गिऱ्हाइकाला हातात धरायला. एक खोक्यात, विकायला. आणि दोन्ही सुऱ्यांच्या शेजारी धारेचा दगड ठेवा. दगड कसा वापरायचा ते दोन मिनिटांत टोमॅटोवर दाखवा. ज्याची सुरी चालते तो गिऱ्हाईक परत येतो आणि पुढच्या वेळी कढई तुमच्याकडूनच नेतो.

एक सावधानता. घरगुती आणि शेतीकामाच्या सुऱ्या विकायला अडचण नाही. पण शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापराची नसलेली हत्यारं येतात. फॅशन म्हणून खंजिरासारखे चाकू दुकानात किंवा ऑनलाइन विकायला ठेवण्याआधी माप घ्या आणि जाणकाराला विचारा.

आता गृहपाठ. या आठवड्यात तुमच्या किचनमध्ये तीन आकडे लिहा: रोज किती तास कापणं होतं, महिन्यात किती सुऱ्या हरवतात, आणि शेवटची धार कधी लावली होती. तिसऱ्या आकड्याचं उत्तर आठवतच नसेल, तर नऊशेची सुरी सध्या दुकानातच राहू द्या. आधी दगड आणा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.