मेलच्या खालची आपली पाटी

आज आपण ईमेलबद्दल बोलणार आहोत. अख्ख्या ईमेलबद्दल नाही, फक्त त्याच्या शेवटच्या पाच-सहा ओळींबद्दल. या ओळींना 'सिग्नेचर' म्हणतात. तिथे आपल्या गटाचं फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप यांचे दुवे, म्हणजे लिंक, कशा लावायच्या, कोणत्या लावायच्या आणि कोणत्या लावायच्याच नाहीत, एवढंच आजचं काम.

"आमचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, मेल कशाला पाहिजे?" असं बैठकीत कोणीतरी म्हणतंच. गावातल्या गावात खरंच चालतं. पण गटाचा माल तालुक्याबाहेर निघाला की मेल लागतो. प्रदर्शनातल्या स्टॉलचा अर्ज, बँकेचे कागद, जिल्हा उद्योग केंद्राशी पत्रव्यवहार, उमेद किंवा माविमच्या कार्यालयाला पाठवायची माहिती, पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला द्यायचं दरपत्रक, हे सगळं मेलवर जातं. व्हॉट्सॲपवरचा निरोप चार दिवसांत दुसऱ्या निरोपांखाली दबतो. मेल मात्र वर्षभरानेही शोधून काढता येतो. म्हणून कार्यालयं आणि मोठे व्यापारी मेल मागतात.

आता बघा, जिनिंग-प्रेसिंगमधून कापसाची गाठ निघते तेव्हा तिच्यावर प्रेसचा मार्का आणि क्रमांक असतो. माल कुठेही गेला तरी तो कुणाचा, हे त्या मार्क्यावरून कळतं. आपल्या जुन्या पत्रातही शेवटी 'कळावे, आपली नम्र' असं लिहून नाव, गाव, तालुका, जिल्हा घालायची पद्धत होती. सिग्नेचर म्हणजे तेच. फरक एवढाच, की ती एकदा भरून ठेवली की प्रत्येक मेलखाली आपोआप येते. आणि तिच्यातल्या दुव्यावर बोट ठेवलं की समोरचा माणूस थेट आपल्या पानावर पोहोचतो. तिथे त्याला आपले पापड वाळताना दिसतात, भट्टीवरचे केळीचे वेफर्स दिसतात, पाकिटावरचं नाव दिसतं.

हे का महत्त्वाचं आहे, ते सांगतो. पुष्कळ गटांचा मेल घरातल्या मुलाच्या किंवा भाच्याच्या खात्यावरून जातो. खात्याचं नाव असतं 'रॉयल बॉस' नाहीतर 'किंग' काहीतरी. मजकूर असतो दोन ओळींचा, 'दरपत्रक जोडले आहे.' खाली नाव नाही, गाव नाही. नाशिकच्या दुकानदाराने तो उघडला तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येणार, अहिराणीत सांगायचं तर, "हाऊ कोना मेल शे?" हल्ली फसवणुकीचे मेल इतके येतात, की अनोळखी मेल माणसं न वाचताच काढून टाकतात. दहा-बारा जणींनी उन्हात राबून केलेल्या बिबड्यांचं दरपत्रक त्या ढिगात जातं. आणि उत्तर आलंच तर ते 'नमस्कार सर' असं येतं. काम बायांचं, कर्ज बायांच्या नावावर, हप्ते बाया फेडतात, आणि नाव कुठेच नाही. सिग्नेचरमुळे ते नाव दिसतं.

तर या पाटीवर काय लिहायचं? पहिल्या ओळीत मेल पाठवणाऱ्या ताईचं पूर्ण नाव आणि पद, म्हणजे अध्यक्ष, सचिव, जे असेल ते. दुसऱ्या ओळीत गटाचं नाव, नोंदलेलं आहे तसंच. तिसऱ्या ओळीत गाव, तालुका, जिल्हा आणि पिन कोड. चौथ्या ओळीत गटाचा मोबाईल क्रमांक. खाण्याचा पदार्थ विकत असाल तर पाचव्या ओळीत अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक. तो पाकिटावर असतोच, मेलखाली दिसला तर घेणाऱ्याला आणखी भरवसा वाटतो. आणि सगळ्यात शेवटी दुवे.

आपला माल सुरत, इंदूरकडे जात असेल तर गटाचं आणि गावाचं नाव मराठीखाली इंग्रजीतही लिहा. रावेर-सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीपर्यंत जातात, तर आपलं नावही तिथल्या माणसाला वाचता आलं पाहिजे.

आता दुव्यांकडे येऊ. दोन किंवा तीन पुरे. लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावं वाढत जातात आणि मुहूर्त शोधावा लागतो, तसं इथे नको. ज्या पानावर आपण खरंच काही टाकतो, त्याचाच दुवा द्यायचा. दोन वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाच्या फोटोवर थांबलेलं पान दाखवलं, तर गट बंद पडला असं वाटतं. त्यापेक्षा दुवा नसलेला बरा.

फेसबुकवर 'प्रोफाइल' आणि 'पेज' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोफाइल म्हणजे आपलं घर, पेज म्हणजे दुकान. प्रोफाइलवर लेकरांचे फोटो, माहेरचं लग्न, शाळेचं नाव असं सगळं असतं. व्यापाऱ्याला दुकानात बोलवायचं, घराच्या माजघरात नाही. म्हणून गटाचं वेगळं पेज काढा आणि त्याचाच दुवा द्या. इन्स्टाग्रामचंही तसंच, गटाच्या नावाचं खातं वेगळं असावं.

दुवा मिळवायचा कसा? पेज उघडा, 'शेअर' दाबा आणि 'कॉपी लिंक' करा. तो सिग्नेचरमध्ये चिकटवायचा. व्हॉट्सॲपचा दुवा मात्र आपण हाताने तयार करू शकतो. नीट ऐका. इंग्रजीत डब्ल्यू, ए, मग टिंब, मग एम, ई, मग तिरकी रेघ, त्यापुढे ९१ आणि लगेच आपला दहा अंकी क्रमांक. मध्ये जागा सोडायची नाही, अधिकचं चिन्ह नाही, सुरुवातीला शून्य नाही. या दुव्यावर बोट ठेवलं की नंबर सेव्ह न करताही समोरच्याला आपल्या गटाशी बोलता येतं.

आता ही पाटी लावायची रीत. गटाचा मेल जीमेलवर असेल असं धरून सांगतो.

मोबाईलवर जीमेलचं ॲप उघडा. वर डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतात, त्या दाबा. यादीत खाली 'सेटिंग्ज' आहे. तिथे गटाचं खातं निवडा. मग 'मोबाईल सिग्नेचर' असं दिसेल. ते उघडून ओळी लिहा आणि 'ओके' करा. इथे साधा मजकूरच घालता येतो. म्हणून दुवा पूर्ण लिहावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो समोरच्याला निळा, दाबता येईल असा दिसतो.

संगणकावर जास्त सोय आहे. जीमेल उघडल्यावर उजवीकडे वर दातेरी चाकाचं चित्र असतं. ते दाबून 'सी ऑल सेटिंग्ज' निवडा. पहिल्याच 'जनरल' या भागात खाली जात राहिलं की 'सिग्नेचर' येतं. 'क्रिएट न्यू' करून नाव द्या आणि बाजूच्या चौकटीत ओळी लिहा. आता 'फेसबुक' हा शब्द लिहून तो निवडा, वरच्या पट्टीतलं साखळीच्या कडीचं चित्र दाबा आणि कॉपी केलेला दुवा तिथे चिकटवा. म्हणजे लांबलचक दुवा दिसत नाही, फक्त शब्द दिसतो. त्याच भागात नव्या मेलसाठी आणि उत्तरासाठी कोणती सिग्नेचर लावायची, तेही निवडा. शेवटी पानाच्या अगदी तळाशी 'सेव्ह चेंजेस' दाबा. ते दाबलं नाही तर सगळं केलेलं पुसलं जातं. मग आपल्याच दुसऱ्या खात्यावर किंवा सीआरपी ताईंना एक मेल पाठवा आणि प्रत्येक दुवा दाबून पाहा. पूर्वी गेलेल्या मेलखाली ही पाटी येत नाही, पुढच्या मेलपासून येते.

संगणकावर एकापेक्षा जास्त सिग्नेचर ठेवता येतात. त्याचा उपयोग करा. व्यापाऱ्यासाठीच्या पाटीत दुवे असू द्या. बँकेला किंवा सरकारी कार्यालयाला लिहिताना साधी पाटी पुरते, तिथे इन्स्टाग्रामचं काही काम नाही. सेवा केंद्रातल्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम केलं असेल तर उठण्याआधी 'साइन आउट' करायला विसरू नका.

फेसबुक-इन्स्टाग्रामची रंगीत चित्रं लावावीत का? दिसायला छान, पण काही ठिकाणी चित्रं उघडतच नाहीत आणि त्या जागी रिकामी चौकट दिसते. कधी ती वेगळी जोडलेली फाइल म्हणून येतात आणि वाचणारा गोंधळतो. साधा शब्द सगळीकडे दिसतो. हार, फुलं, सुविचार हेही नकोत. दरपत्रकाच्या खाली सुविचार आला की दर कमी लक्षात राहतो.

आता काळजीच्या गोष्टी. या नीट लक्षात ठेवा.

मेल एका माणसाला पाठवला तरी तो पुढे दहा जणांकडे जाऊ शकतो, आणि त्याबरोबर आपली पाटीही जाते. म्हणून एखाद्या ताईचा घरचा नंबर तिथे घालू नका. नको त्या वेळी नको ते फोन येतात, मग घरात बोलणी बसतात आणि चांगली काम करणारी बाई पद सोडते. गटाच्या कामाचं एक वेगळं सिम घ्या. फोन उचलायची वेळही पाटीवर लिहा, सकाळी १० ते सायंकाळी ५ अशी.

बँक खात्याचा क्रमांक, आधार, पॅन आणि पैसे घेण्याचा क्यूआर कोड सिग्नेचरमध्ये घालायचा नाही. आपला मेल कोणी मिळवला, त्यातला खाते क्रमांक बदलला आणि तोच व्यापाऱ्याला पुढे पाठवला, तर पैसे तिसऱ्याच्याच खात्यात जातील. खाते क्रमांक बिलावर द्या आणि व्यापाऱ्याला सांगा, की पैसे टाकण्याआधी गटाच्या नंबरवर एक फोन करायचा.

हेही उलट बाजूने समजून घ्या. सुंदर सिग्नेचर म्हणजे पुरावा नाही. जसं आपण नाव, पद, दुवा लिहितो, तसं कोणीही बँकेचं किंवा योजनेचं नाव लिहू शकतो. म्हणून आलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता वर पाहा, 'ॲट' या चिन्हापुढे काय आहे ते वाचा. पिन किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. तरीही पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

आणखी एक गोंधळ दूर करू. ही सिग्नेचर आणि 'डिजिटल सही' एक नाहीत. डिजिटल सही ही २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातली गोष्ट आहे. ती परवानाधारक संस्थेकडून घ्यावी लागते आणि ऑनलाइन निविदा भरताना लागते. मेलखालची सिग्नेचर म्हणजे फक्त पाटी. ती लावायला कोणी पैसे मागितले तर देऊ नका, ती मोफत आहे.

शेवटचं काम बैठकीतलं आहे. मेलचा पासवर्ड, खात्याला जोडलेला मोबाईल नंबर, फेसबुक पेज कोण चालवतं, हे सगळं एकाच ताईच्या फोनमध्ये राहिलं, तर ती बाळंतपणाला माहेरी गेली किंवा पद बदललं की गटाचं दार बंद होतं. पेजवर दोन जणींना ॲडमिन करा. पासवर्ड बंद पाकिटात घालून गटाच्या पेटीत ठेवा. पदाधिकारी बदलतील त्या दिवशी किल्ल्या, शिक्के, पासबुक देतो तसा मेलही सोपवायचा आणि सिग्नेचरमधलं नाव बदलायचं. तसा ठराव इतिवृत्तात लिहून ठेवा.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की अर्धा तास काढा. एक मोबाईल मध्ये ठेवा, सगळ्याजणी भोवती बसा आणि पाच ओळी ठरवा. दुवे नंतर लावले तरी चालेल. पहिली ओळ मात्र त्याच दिवशी लिहा, आणि ती ज्या ताईचं नाव आहे तिच्याच हाताने लिहू द्या.