‘टीटी’ म्हणजे काय? मुंबईच्या ट्रामचा मागोवा

कळंबोली, प्रतिनिधी : पुण्याहून दादरकडे जाणाऱ्या गाडीत कळंबोलीच्या थांब्यावर चढणारे प्रवासी आजही कंडक्टरकडे ‘टीटी’चे तिकीट मागतात. ही दोन अक्षरे ‘ट्राम टर्मिनस’ची आहेत, हे मात्र नव्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक असते.

मुंबईत ट्राम प्रथम धावली ती घोड्यांच्या बळावर, ९ मे १८७४ रोजी. विजेची ट्राम आली ७ मे १९०७ रोजी. त्या सायंकाळी पहिली गाडी महापालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली. १९२० मध्ये दुमजली ट्रामही आल्या. रस्त्यावरील तारेतून वीज घ्यायची आणि रुळांवरून धावायचे, अशी ही साधी रचना. वीज प्रारंभी बेस्ट कंपनी स्वतःच निर्माण करीत असे; पुढे ती टाटांकडून घेतली जाऊ लागली. टाटांचे पहिले जलविद्युत केंद्र आपल्याच रायगड जिल्ह्यात, खोपोलीला. मुंबईची ट्राम काही अंशी घाटावरच्या पावसावर चालली, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रस्तुत प्रतिनिधीचे आजोबा याच ट्रामवर कंडक्टर होते. कुटुंब परळच्या चाळीतून कळंबोलीच्या सिडको वसाहतीत आले, तेव्हा सामानासोबत त्यांची पत्र्याची पेटीही आली. एका आण्यात ट्रामने दूरवर जाता येई. चाळीतील बायकांना रविवारी मुलांसह फिरायला निघण्यास तेवढे पुरे होते. आजी मात्र आजोबांच्या गाडीत कधी बसली नाही. तिकीट मागताना ते संकोचतील, असे तिला वाटे.

रूळ सोडून ट्रामला वळता येत नसे. वाटेत एखादी हातगाडी अडली की मागच्या साऱ्या ट्राम उभ्या. मोटारी वाढल्या, बसचे मार्ग हवे तसे बदलता येऊ लागले आणि ट्रामचे दिवस भरले.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. आजोबांची त्या रात्री पाळी नव्हती. तरीही ते गर्दीत शिरले, सहकाऱ्याकडून रीतसर तिकीट घेतले आणि टीटीला उतरून परळपर्यंत चालत आले. पुढे त्यांनी निवृत्तीपर्यंत बसवर काम केले, पण ‘गाडी’ हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत ट्रामसाठीच वापरला.

ते तिकीट पेटीत आहे. त्यावरील अक्षरे आता वाचता येत नाहीत.